डावा तिसरा पाय

माझी सासुरवाडी वाशी तालुक्यात, बालाघाटाच्या एका धारेखाली आहे. गावाच्या वर डोंगरात एक कपार आहे आणि कपारीत देवी आहे. पुढच्या उजेडाच्या भागात देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला गोल दगड. मागं कपार अरुंद होत जाते, अंधार आणि ओल वाढत जाते, आणि अकरा मीटरवर ती संपते. अकरा हा आकडा मी टेपनं मोजलेला आहे. गावात विचाराल तर ती तुळजापूरपर्यंत जाते.

मी येरमाळ्याला राहतो आणि कळंबच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. इतकी वर्षं दुसऱ्यांनी शोधलेले प्राणी मुलांना शिकवले. स्वतः काही शोधावं असं मनात असायचं, पण परीक्षा, पेपर तपासणी आणि घरची पाण्याची टाकी यांतून ते राहून जायचं.

मुलीला पाहिजे त्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून आम्ही नवसाचा नारळ घेऊन कपारीत गेलो होतो. बायको गावची लेक, त्यामुळं गुरवमामांशी तिच्या गप्पा नारळ फुटताच सुरू झाल्या. वटवाघळं किती आहेत ते बघावं म्हणून मी मोबाइलचा टॉर्च लावून मागं गेलो. शेवटच्या भिंतीवर, पाणी झिरपत होतं तिथं, पाच-सहा फिकट पिवळे जीव बसले होते. तांदळाच्या दाण्याहून बारीक अंग आणि केसासारखे लांबलचक पाय. उजेड पडला तरी त्यांना काही फरक पडला नाही. जवळून बघितलं तर डोळ्यांच्या जागी नुसता उंचवटा होता, डोळे नव्हते.

असा जीव पाहिला की लोक कोळी म्हणतात. तो कोळी नाही. कोळ्याला कंबर असते, याचं अंग एकसंध असतं. हा जाळं विणत नाही, याला विषही नसतं. इंग्रजीत याला हार्वेस्टमन म्हणतात, मराठीत सर्वमान्य नाव नाही. नाव नसल्यामुळं पुढं किती त्रास होणार आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

मी फोटो काढले आणि या गटाचा अभ्यास करणाऱ्या, दुसऱ्या शहरातल्या एका मॅडमना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. "सर, हा बहुतेक नवीन आहे. नमुने मिळतील?"

मी गुरवमामांना विचारलं. ते म्हणाले, "न्या की जावईबापू. आमी झाडून टाकतोय, तुमी डबीत टाका."

मी चार नेले. घरी सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. अंगाची लांबी सव्वातीन मिलिमीटर, दुसऱ्या जोडीचा पाय अडतीस. म्हणजे अंगाच्या जवळजवळ बारा पट. बायकोला समजावं म्हणून मी हिशेब करून दाखवला. माझं धड अडीच फुटांचं धरलं तर पाय तीस फुटांचे झाले असते.

"मग पत्र्यावर वाळत घातलेले पापड काढायला बरं झालं असतं," ती म्हणाली.

चारी माद्या निघाल्या. पुन्हा जाऊन तीन आणल्या, त्याही माद्याच. मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "सर, नर लागेल. या गटात जात वेगळी आहे की नाही हे नराच्या जननेंद्रियावरूनच ठरतं. ते काढून त्याचं चित्र दिल्याशिवाय कुठलंही नियतकालिक हे छापणार नाही."

हे मी संध्याकाळच्या चहाला बायकोला जसंच्या तसं सांगितलं. तिनं कप खाली ठेवला. "हे तुम्ही कॉलेजात पोरींना शिकवता?"

"अजून शिकवलं नाही. नर मिळाला की शिकवीन."

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती, एक प्रौढ नर. नर मिळाला तर एक नवी जात जगाच्या यादीत जाणार होती आणि ती शोधणारा मी होतो. नाही मिळाला तर सात माद्या बाटलीत आणि मी आहे तिथंच.

भाद्रपद संपत आला तेव्हा गुरवमामांचा फोन आला. नवरात्राच्या आधी कपार झाडून, पुढच्या भागाला चुना मारून घ्यायची पद्धत आहेच. यंदा गावानं वर्गणी काढून आतून टाइल्स बसवायचं ठरवलं होतं. "पार मागपर्यंत. पांढऱ्या टाइल्स आन लाइटिंग. लई झ्याक दिसंल बगा," मामा म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून गाव गाठलं. कपारीसमोर टाइल्सची खोकी रचलेली होती आणि चुना भिजत घातला होता. वीस-पंचवीस माणसं जमली होती. मी जावई असल्यामुळं मला खुर्ची मिळाली. खुर्चीतून उठून मी सांगितलं की मागच्या भिंतीवर एक जीव राहतो, त्याला ओल आणि अंधार लागतो, चुना लागला की तो मरेल, आणि माझ्या माहितीप्रमाणं तो जगात दुसरीकडं कुठंही नाही. फक्त या कपारीत आहे.

मग मागून एक जण म्हणाला, "जगात कुटंच न्हाय?"

"आजवरच्या माहितीप्रमाणं नाही."

"तुळजापुरात बी न्हाय?"

"तिथंही नाही."

एवढ्यानं काम झालं. तुळजापुरात नाही ते आपल्या देवीकडं आहे, हे ऐकल्यावर मागच्या आठ मीटरला कुणी हात लावायचा नाही असं एकमतानं ठरलं. टाइल्स फक्त पुढच्या तीन मीटरला. मी घरी येताना गाडीत शीळ वाजवत आलो. मुद्दा इतका चांगला पटवून दिल्याचा माझ्या नोकरीत दुसरा प्रसंग नाही.

चार दिवसांनी नर शोधायला पुन्हा गेलो तर कपारीच्या तोंडाशी पेंटरकडून रंगवून घेतलेला बोर्ड लागला होता. *देवीचा कोळी. हात लावू नये.*

"मामा, तो कोळी नाही," मी म्हणालो.

"मग काय हाये?"

मी कंबर, जाळं, विष सगळं सांगितलं. मामांनी नीट ऐकून घेतलं आणि पेंटरला फोन लावला. पुढच्या खेपेला बोर्डावर दुरुस्ती झालेली होती. *देवीचा कोळी (कोळी नव्हे). हात लावू नये.*

खरी अडचण दुसऱ्या वाक्याची होती. मी पिशवीतून बाटली काढली तर मामांनी माझा हात धरला. "आता न्हाय जावईबापू. तुमीच सांगितलं, जगात कुटं न्हाय. मग ते देवीचं झालं. देवीचं बाटलीत घालायचं का?"

"आधी सात नेले तेव्हा तुम्हीच म्हणालात, न्या."

"तवा ते किडं व्हतं."

मी फक्त एक नर मागतो असं म्हणालो. तो शब्द ऐकल्यावर मामा आणखीच बिथरले. "नर? म्हंजी घरचा करता मानूसच नेणार?"

शेवटी त्यांनीच मार्ग काढला. देवीला कौल लावायचा. तांदळ्याच्या डाव्या-उजव्या अंगाला ओली फुलं लावायची, उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी आत बसून विचार केला. मी विज्ञान शिकवणारा माणूस, फुलाचं पडणं ओलीवर आणि वाऱ्यावर अवलंबून असतं हे मला कळतं. पण एकदा कौलाला हो म्हटलं की विरुद्ध आला तरी पाळायला हवा, नाहीतर विचारण्यात अर्थ नाही. अर्धी-अर्धी शक्यता होती. गावच्या नकारात ती शून्य होती. मी हो म्हणालो.

डावं पडलं. मामांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. "वारा सुटला व्हता जरा," ते म्हणाले.

"वारा आधीही होताच मामा. तेव्हा आपण लावायला नको होता," मी म्हणालो आणि बाटली पिशवीत घातली.

संध्याकाळी मॅडमना कळवलं. "सर, आपल्याला नर नाही मिळणार, कारण फूल डावीकडं पडलं. मी बरोबर ऐकलं ना?"

"बरोबर."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांच्या 'बरं'मध्ये पुष्कळ काही होतं.

त्या गावची एक पद्धत आहे. वर्षभर देवीला आलेल्या साड्या कपारीच्या मागच्या अंगाला दोरीवर टाकलेल्या असतात. घट बसायच्या आधी त्या काढतात आणि गावातून लग्न होऊन गेलेल्या लेकींना प्रसाद म्हणून वाटतात. मी भिंतीचा कोपरा न् कोपरा टॉर्चनं पाहिला होता. साड्यांना हात लावला नव्हता, देवीच्या म्हणून.

यंदा आमच्या घरी एक हिरवी साडी आली. घट बसायच्या आदल्या दिवशी सकाळी बायकोनं ती देवघराच्या खोलीत उलगडली, झटकली, आणि जोरात म्हणाली, "अहो! तुमचं ते आलं!"

मी दाढी अर्धी टाकून धावलो. साडीच्या काठावर एक फिकट पिवळा जीव बसला होता. माद्यांपेक्षा बारीक. पुढच्या पायाचा एक सांधा फुगलेला, तसा एकाही मादीचा नव्हता. तो नर होता.

"झटकताना एक पाय तुटला त्याचा," बायको म्हणाली. "पण हरवला न्हाय. पाटावर पडून वळवळत व्हता. हाताशी करंडा व्हता, त्यात टाकलाय."

या प्राण्याचा पाय तुटल्यावरही थोडा वेळ हलतो. मी तिला ते सांगणार होतो, पण तेवढ्यात करंड्याचं झाकण उघडून पाहिलं. कुंकवाचा करंडा. पाय सगळाच्या सगळा लाल झाला होता.

नराचा डावा तिसरा पाय गेल्याचं टिपून मी त्याला श्रीखंडाच्या डब्यात ओल्या कापसावर ठेवला. मग जी गोष्ट मला खटकत होती ती बोललो. देवीनं नाही म्हटलं आहे. हा नर देवीच्या कपारीतला आहे. ठेवून घेतला तर कौल मोडला असं होतं.

"तुम्ही मामांना फोन लावा," बायको म्हणाली. "स्पीकरवर टाका."

मामांनी सगळं ऐकलं. मध्ये एकदा "साडीत?" म्हणाले. मग म्हणाले, "जावईबापू, तुमाला न्हाय म्हणली ना देवी?"

"हो."

"मग तुमाला दिलंच न्हाय तिनं. लेकीला दिलंय. लेकीला दिलेलं सासरी जातंयच. त्याचं काय करायचं ते आता लेक ठरवंल. तुमी मधी पडू नका."

फोन ठेवला तेव्हा जगातला या जातीचा एकमेव ज्ञात नर माझ्या बायकोच्या मालकीचा झाला होता. मी तिला विचारलं, अल्कोहोलमध्ये घालू का? ती म्हणाली, "उद्या घट बसायचे. या घरात दसऱ्यापर्यंत मारायचं न्हाय आणि दारूची बाटली उघडायची न्हाय."

"ती दारू नाही, इथेनॉल आहे."

"बोर्डावर लिहून घ्या कंसात."

तर त्याला जिवंत ठेवायचं होतं, आणि ओलसर, गार, अंधाऱ्या जागी. अशी जागा आमच्या घरात एकच, घटाच्या पाटाखालची. घटाच्या मडक्यातून पाणी पाझरून पत्रावळीवरची काळी माती ओली राहते, धान उगवतं. घट बसल्यावर डबा मी पाटाखाली सरकवला. झाकणाला हवेसाठी भोकं पाडली होती, आणि ती डोळे झाकून पाडली नव्हती. सात माद्यांची रुंदी मी मोजलेली होती, सगळ्यांत बारीक मादी अडीच मिलिमीटर रुंद. मी भोकं सव्वादोनची ठेवली. नर मादीपेक्षा किती बारीक असतो हे जगात कुणीच मोजलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा रिकामा बघून मला ते कळलं. नराची रुंदी सव्वादोन मिलिमीटरपेक्षा कमी.

मी जमिनीवर पालथा पडून टॉर्च मारला. पत्रावळीच्या कडेखालून, ओल्या मातीतून, एक केसासारखा पाय बाहेर आला होता. तो घटाच्या खाली जाऊन बसला होता.

"पत्रावळ जरा उचलतो," मी म्हणालो.

"बसलेला घट हलवायचा न्हाय," बायको म्हणाली. या मुद्द्यावर तिच्याशी कुणी वाद घालत नाही, मीही नाही.

त्या नवरात्रात मी एकही आरती चुकवली नाही. सकाळ-संध्याकाळ सगळ्यांच्या पुढं बसायचो, आरती संपली की आडवा होऊन पत्रावळीखाली टॉर्च मारायचो. कधी पाय दिसायचा, कधी दिसायचा नाही. दिसला नाही की मला जेवण जायचं नाही. बायको घटाला पाणी घालायला आली की मी "बेतानं, बेतानं" म्हणायचो. शेजारच्या काकू दर संध्याकाळी आरतीला यायच्या. पाचव्या माळेला त्या बायकोला म्हणाल्या, "सर लई बदलले गं यंदा. रोज साष्टांग घालतात. टॉर्च कशाला लागतो तेवढं समजंना."

बायकोनं खरं सांगितलं नाही. "त्यांचं काहीतरी मागणं हाये देवीकडं," एवढंच म्हणाली. ते खोटं नव्हतं.

आठव्या माळेपासून पाय दिसायचा बंद झाला. धान चांगलं वीतभर वाढलं होतं, मुळ्या पत्रावळीतून खाली उतरल्या होत्या. मी मॅडमना काहीच कळवलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर नर कुठं आहे या प्रश्नाला मला 'घटाखाली' असं उत्तर द्यावं लागलं असतं.

दसऱ्याला पूजा करून बायकोनं मडकं उचललं. धान उपटून देवाला वाहिलं, माझ्या टोपीत खोचलं. मग पत्रावळ हळूच कडेनं वर धरली. मी टॉर्च धरला होता आणि मध्ये डोकं घालत होतो, म्हणून तिनं तो माझ्याकडून घेतला.

तो मुळ्यांमध्ये बसला होता. उजेड पडल्यावर अंग थोडं खालीवर केलं. मी पाय मोजले. सात. हा दुसराच कुठला असेल अशी शंका कुणी पुढं घेऊ नये म्हणून कुठला पाय नाही तेही पाहिलं. डावा तिसरा. तोच होता.

बायको बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. "मारावंच लागतं का?"

"नमुना ठेवल्याशिवाय जात नोंदवता येत नाही."

"दुखतं का त्याला?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.

तिनं आधी टॉर्च बंद केला. "दसऱ्याला गावाकडं देवीपुढं बोकड कापतातच," ती म्हणाली. "आणि याचं निदान नाव तरी राहील." मग म्हणाली, "बाटली बाहेर अंगणात उघडा." मी अंगणात गेलो. बाटली बंद झाल्यावर तिनं झाकणाला हळद-कुंकू लावलं. तिथं कुंकू लागलेलं चालत होतं.

पुढचं काम जेवणाच्या टेबलावर झालं, कारण सूक्ष्मदर्शकाला दुसरीकडं प्लग नव्हता. मॅडमनी व्हिडिओ कॉलवर दाखवलं तसं मी ते इंद्रिय वेगळं केलं आणि तीन बाजूंनी चित्रं काढली. मोठी करून काढल्यामुळं प्रत्येक चित्र वीतभर झालं. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या की बायको त्यावर वर्तमानपत्र टाकायची. एकदा काकूंनी विचारलंच, "सर कसलं चित्र काढतायत?" बायको म्हणाली, "भेंडीचं."

मॅडमना चित्रं आवडली. जात नवीन होती, शंकाच नाही. नाव मी सुचवलं, *घटस्थ*. संग्राहक म्हणून माद्यांच्या पुढं माझं नाव आणि नराच्या पुढं बायकोचं. नर कुठं मिळाला या रकान्यात मी जे घडलं ते लिहिलं. कपारीत टांगलेल्या साडीच्या घडीतून, येरमाळ्याला घरी, साडी झटकताना. मॅडमचं म्हणणं होतं की नुसतं 'गुहेतून' लिहावं. मी म्हणालो, गुहेतून मी त्याला आणलेला नाही, आणायला मला मनाई होती. त्यांनी माझं ऐकलं.

निबंध तपासणाऱ्याकडून दोन प्रश्न आले. पहिला, साडी त्याच गुहेतली होती याला आधार काय. त्यासाठी मी मामांकडून सहीनिशी जबाब घेतला, तो त्यांनी आनंदानं दिला. दुसरा, वर्णनात सगळे पाय फिकट पिवळे म्हटले आहेत, मग छायाचित्रात डावा तिसरा पाय तांबडा का? मी तीन वाक्यांत उत्तर लिहिलं. त्यात करंडा होता, पाट होता, देवघर होतं. मॅडमनी ते एका ओळीचं केलं: *डावा तिसरा पाय तुटलेला, लाल रंग कुंकवाचा, नैसर्गिक नव्हे.* तेवढ्यानं त्याचं समाधान झालं आणि निबंध छापून आला.

एक प्रत काढून मी कपारीत घेऊन गेलो. पुढच्या तीन मीटरला पांढऱ्या टाइल्स चमकत होत्या, मागं अंधार होता तसाच होता. मामांनी चष्मा लावला आणि पानं उलटली. वीतभर चित्रांपाशी थांबले.

"हे काय?"

मी सांगितलं. मामांनी इकडंतिकडं पाहून ते पान भरकन उलटलं. पुढच्या पानावर नराचा रंगीत फोटो होता, सात पाय पिवळे आणि बाजूला मांडलेला आठवा लाल. तो त्यांनी लांब धरून, जवळ धरून पुष्कळ वेळ पाहिला.

"बगा," ते म्हणाले. "कुंकू लावून सासरी धाडलीय देवीनं."

"मामा, तो नर आहे," मी म्हणालो.